सत्त्याहत्तर दिवस

“बिडी सोडून आज सत्त्याहत्तर दिवस झाले,” आप्पा डॉक्टरांना म्हणाले आणि तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क नीट बसवत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या पोरानं पाढा न चुकता म्हणून दाखवावा आणि मग आईकडे बघावं, तसं.

डॉ. नेर्लेकर बाई पलंगाशेजारी उभ्या राहून लिहून घेत होत्या. त्याआधी किती वर्षं ओढत होता, असं त्यांनी विचारलं. आप्पांनी पस्तीस सांगितली. मग त्यांनी तंबाखूचं विचारलं, दारूचं विचारलं, गांजाचं विचारलं. घरात कबुतरं आहेत का, कुठं धुराजवळ, रसायनांजवळ काम करता का, हेही विचारलं. आप्पा प्रत्येक प्रश्नाला नकारार्थी मान हलवत गेले. शेवटी मास्क जरा वर करून म्हणाले, “बँडमधी वाजवतो. क्लॅरिनेट.”

“आणखी काही ओढता का? काहीही?”

“न्हाई.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाची दांडी धरून उभी होते. मीही काही बोलले नाही.

पुण्याजवळ चाकणच्या एका कारखान्यात मी तेव्हा क्वालिटी विभागात होते. गाडीचे सुटे भाग हातात घेऊन बघायचे, कुठं बारीक चीर आहे का ते शोधायचं, हे माझं काम. मी नववीत असताना आई गेली, तेव्हापासून मिरजेच्या घरात आप्पा आणि मी दोघंच. आप्पांनी, म्हणजे यशवंत ऐवळे यांनी, पस्तीस वर्षं लोकांच्या वरातीत क्लॅरिनेट फुंकून मला शिकवलं. आमच्या घराण्यात आजा सनई वाजवायचा, पणजा सनई वाजवायचा. आप्पांनी क्लॅरिनेट धरली. मिरज-सांगलीच्या बाजूला त्यांना लोक नावानं ओळखत. एका दमात ते सूर इतका लांब धरायचे, की वरातीतले नाचणारे थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

आणि त्याच तोंडात दिवसातून दोन बंडल बिड्या. खोकला तर मी लहानपणापासून ऐकत आलेली. मी रडले, भांडले, अबोला धरला, एकदा बिड्यांचं अख्खं पाकीट चुलीत टाकलं. आप्पा हसायचे, दोन दिवस थांबायचे, तिसऱ्या दिवशी परसातून वास यायचा.

त्या वर्षी ऑफिसातल्या एका मुलीनं बँकॉकहून येताना वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, आणलं होतं. दिसायला पेनासारखं, काळं, गुळगुळीत. तिच्या भावाची सिगारेट त्यानं सुटली होती. यात धूर नसतो, नुसती वाफ असते, असं तिनं मला सांगितलं. मीही मोबाईलवर वाचलं. जे वाचायचं होतं तेवढंच वाचलं असणार, हे आता कळतं. तिच्याकडून मी एक विकत घेतलं, पुदिन्याच्या वासाच्या तीन बाटल्या घेतल्या, आणि गणपतीला घरी आले तेव्हा आप्पांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. हे वाजतं का, म्हणून विचारलं. मी ओढून दाखवलं. मला ठसका लागला आणि आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेलं बंडल माझ्यासमोर गटारात टाकलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिली फुली मारली.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला. आप्पा सांगायचे, “न्हाई ओढली. एक पण न्हाई.” मग मी अशी काही खूश व्हायचे, की मेसमधलं जेवणसुद्धा गोड लागायचं. गणपती उठले आणि थोड्याच दिवसांत सरकारनं या वेपवर देशभर बंदी घातली. विकायचं नाही, आणायचं नाही, जवळ साठा ठेवायचा नाही. मी घाबरून आप्पांना फोन केला. ते म्हणाले, बाटल्या संपत आल्यात, दसऱ्यापर्यंत जातील. दसऱ्याला म्हणाले, संपलं तुझं पेन, आता त्याचीबी गरज लागत न्हाई. मला वाटलं, जिंकले मी.

तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई लागली, आणि आठवड्याभरातच इलाहीचाचांचा फोन आला. इलाहीचाचा आप्पांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. दोघं तीस वर्षं एका ओळीत शेजारी शेजारी चाललेले. ते म्हणाले, मालगावच्या वरातीत यशवंता खाली बसला, उठता येईना, दवाखान्यात आणलाय, तू ये.

मी आले तेव्हा आप्पांना दोन दिवस ताप होता, उलट्या होत होत्या, आणि मास्क काढला की ओठ निळे पडत होते. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्या एका मध्यम आकाराच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर ते होते. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसत होती, कुणी काचेवर श्वास सोडल्यासारखी. बाईंना आधी न्यूमोनिया वाटला. जोराची अँटिबायोटिक्स चालू होती. थुंकी क्षयासाठी तपासली, काही निघालं नाही. स्वाइन फ्लू तपासला, नाही. म्हणून त्या दिवशी त्या सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारत होत्या, आणि आप्पा सत्त्याहत्तर दिवसांचा हिशेब सांगत होते.

बाई गेल्यावर मी आप्पांना हळूच विचारलं, की ते पेन दसऱ्यालाच संपलं ना. त्यांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली. मला हायसं वाटलं. संपून दीड महिना झालेल्या गोष्टीचा आजच्या तापाशी काय संबंध, असं मी मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक म्हटलं: बंदी घातलेली वस्तू आपणच घरात आणली, हे कशाला कुणाला सांगा.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलाहीचाचा आले. हातात कापडी पिशवी. बँडच्या खोलीवर नेऊन ठेवलेलं आप्पांचं सामान त्यांनी आणलं होतं: लाल कोट, टोपी, गळ्याचा रुमाल, क्लॅरिनेटची पेटी. आप्पांना नुकती झोप लागली होती. चाचांनी पलंगाकडे पाहिलं, मास्कमध्ये वर-खाली होणारी छाती पाहिली आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं.

जिन्याजवळच्या बाकावर आम्ही बसलो. चाचा बराच वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, की तीन आठवड्यांपासून, दिवाळीतल्या मिरवणुकांपासूनच, यशवंताचा दम पुरत नव्हता. आधी लांब सूर टाळायला लागला, मग ओळ अर्ध्यात सोडायला लागला. तो थांबला की पुढचं ट्रम्पेटवर ते स्वतः उचलायचे, म्हणजे बँडच्या मालकाला कळू नये. लोकांना तर काहीच कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, असंच बसवलंय.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“त्यानं सांगू दिलं नाही. लगीनसराईत घरी बसवलं तर रोहिणी नोकरी सोडून येईल, म्हणाला.”

मग चाचांनी पिशवीतल्या लाल कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. मी रुमाल उलगडला. ते काळं पेन होतं. सोबत एक छोटी बाटली, अर्धी भरलेली. मी दिलेल्या बाटल्यांवर हिरवं पुदिन्याचं पान छापलेलं होतं. या बाटलीवर काहीच नव्हतं. नाव नाही, कागद नाही. आतलं पिवळट पाणी तेलासारखं जाड हलत होतं.

चाचा म्हणाले, स्टँडमागच्या एका टपरीवाल्याकडे हे मिळायचं, गिऱ्हाईक ओळखीचं असेल तरच. यशवंता दसऱ्यापासून तिथूनच आणायचा. आणि दवाखान्यात न्यायच्या आधी, रिक्षात, धापा टाकत त्यानं एकच गोष्ट सांगितली होती: कोटात आहे ते नदीत टाकून दे, पोरीला दाखवू नको.

“मी पुलापर्यंत गेलो होतो,” चाचा म्हणाले. “टाकवलं नाही. काय कळतंय मला त्यातलं? पण वाटलं, डॉक्टरला लागलं तर?” ते उठले, आणि पुन्हा बसले. “बेटा, माझ्या दोस्ताचा शब्द मोडून तुझ्याकडे आणलंय. आता तू बघ.”

मी ती बाटली उजेडासमोर धरून बसले. रोज शेकडो वस्तू हातात घेऊन चीर शोधणारी मी. बापाच्या आवाजातला बदल मला तीन आठवडे फोनवर ऐकू आला नव्हता. तो दर संध्याकाळी म्हणत होता, एक पण न्हाई ओढली, आणि मी तेवढंच ऐकत होते.

आत गेले तेव्हा आप्पा जागे होते. त्यांनी माझ्या हातातला रुमाल बघितला आणि सगळं ओळखलं. मी स्टूल ओढून जवळ बसले. म्हटलं, डॉक्टरांना हे सांगायला पाहिजे.

त्यांनी मास्क खाली ओढला. मी तो परत लावायला गेले तर माझा हात धरला.

“सांगायचं न्हाई.”

“आप्पा, त्यांना कळत नाहीये तुम्हाला काय झालंय.”

“बंदी हाय त्याच्यावर. कुठनं आणलं इचारतील. कुणी दिलं इचारतील.” एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. “तुझी नोकरी जाईल. पोलीस येतील दारात. माझं काय, मी आज हाय, उद्या न्हाई.”

मी म्हटलं, असं काही होणार नाही. पण मला ते ठाऊक होतं असं नाही. मलाही तीच भीती होती. रात्रभर तीच होती.

“तुझ्या आईची शपथ हाय,” आप्पा म्हणाले. “सांगितलंस तर तिची शपथ मोडलीस.”

आई गेल्यापासून त्यांनी कधी तिची शपथ घातली नव्हती. शाळा बुडवली तेव्हा नाही, त्यांच्याशी भांडून मी आठ दिवस जेवले नाही तेव्हाही नाही. तिचं नाव घरात जपूनच निघायचं. मी त्यांचा मास्क लावला, उशी सारखी केली आणि बाहेर बाकावर येऊन बसले. चाचा गेले होते.

किती वेळ बसले ते आठवत नाही. समोरून एक बाई तपासणीची बाटली धरून गेली, एक म्हातारा सलाइनचा दांडा ढकलत गेला. मग एक नर्स धावत आमच्या खोलीत शिरली. पाठोपाठ दुसरी. मी दारात गेले. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या खाली आला होता आणि आप्पा दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून बसले होते. असे बसायचे ते वाजवताना, मुक्कामाच्या गावी सतरंजीवर, पुढे झुकून, सगळा जीव छातीत गोळा करून. फक्त आता आवाज येत नव्हता.

डॉ. नेर्लेकर आल्या. ऑक्सिजन वाढवला, पुढे झुकवून बसवलं, इंजेक्शन दिलं. आकडा सावकाश वर चढला. मग त्यांनी मला बाहेर घेतलं आणि सरळ सांगितलं. अँटिबायोटिक्सचा उपयोग दिसत नाही. रात्रीपर्यंत असंच राहिलं तर नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल, आणि एकदा ठेवलं की यातले सगळेच परत निघतात असं नाही. त्यांनी सहीचा कागद पुढे केला.

मी कागद घेतला नाही. रुमाल त्यांच्या हातात ठेवला.

“हे ओढत होते,” मी म्हटलं. “मीच दिलेलं. बिडी सुटावी म्हणून. नंतरची बाटली कुठली तरी आहे, तिच्यावर नाव नाही.”

बाईंनी रुमाल उघडला. बाटलीचं झाकण काढून लांबूनच वास घेतला. “कधीपर्यंत ओढत होते?”

“वरातीच्या दिवसापर्यंत.”

“तुम्हाला कधी कळलं?”

पेनाचं गणपतीपासून, बाटलीचं आज दुपारी, असं मी सांगितलं. त्यांनी घड्याळात पाहिलं. साडेपाच वाजत आले होते. त्या यावर रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “मी काल त्यांना विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच होता,” आणि वळल्या.

मी मागोमाग गेले. पोलिसांचं विचारलं. त्या चालता चालताच म्हणाल्या, की मी डॉक्टर आहे, मला फुप्फुसात काय गेलं एवढंच पाहिजे. मग थांबून त्यांनी मला समजेल असं सांगितलं. अमेरिकेत त्या वर्षी असे बरेच रुग्ण सापडत होते. वेप ओढणारे, धडधाकट, एकाएकी दम लागून आलेले. त्यांनी त्यावर वाचलं होतं. प्रत्यक्ष पाहिलेला हा पहिलाच. नावाशिवाय विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत काय काय मिसळतात ते कुणालाच माहीत नसतं; तापल्यावर ते आत जातं आणि फुप्फुस आतून सुजतं. जंतूच नाहीत, तर जंतूंचं औषध काय करणार? स्टेरॉइड देऊन बघायचं. लागू पडेलच असं नाही, म्हणाल्या, पण आता निदान कुठं मारायचं ते तरी कळलं.

त्यांनी नर्सला औषध लिहून दिलं आणि नळीचा निर्णय काही तासांपुरता पुढे ढकलला.

सलाइनमध्ये ते औषध सोडताना बाईंनी आप्पांना सांगितलं, तुमच्या मुलीनं सगळं सांगितलंय, आता काळजी करू नका. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी पाहिजे असेल तर नर्सला खूण करायचे. मी चमचा पुढे केला की तोंड उघडायचे, पण नजर भिंतीवर. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी माझ्याशी अबोला धरला होता. एरवी तो माझा मक्ता. मी स्टुलावर बसून आकडा बघायचे. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा सत्त्याऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्वद झाला आणि तिथंच टिकला. ऑक्सिजन थोडा कमी केला, तरी टिकला. ताप उतरला. बाई आल्या, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि जाताना माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आप्पांना पेज भरवत होते. निम्मी वाटी झाल्यावर त्यांनी हात आडवा केला. मास्क जाऊन नाकात नळी आली होती, त्यामुळे बोलणं सोपं झालं होतं.

“रोहे.”

मी वाटी खाली ठेवली.

“तुझी आई असती तर तिनं तुझ्याआधी सांगितलं असतं.”

ते बरं झालं म्हणत होते की रागावत होते, ते मला कळेना. मी म्हटलं, “शपथ मोडली मी.”

“तिच्या नावानं खोटं बोलायला लावलं मी. चूक माझी हाय.” त्यांनी थोडा दम घेतला. “दोन दिवस हेच चाललं हुतं डोक्यात. तुझ्यावर राग न्हवता. तुझ्याकडं बघायची लाज वाटत हुती.”

मी त्यांचं तोंड पुसलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. माझ्या बाटल्या संपल्या तेव्हा मला का नाही सांगितलं? त्या टपरीवाल्याचं कसलंही पाणी ओढण्यापेक्षा दुसरं काही केलं असतं. नसतं जमत तर नसतं जमत.

आप्पा पांघरुणाच्या काठाशी चाळा करत राहिले.

“मला ते कधी आवडलंच न्हाई, रोहे,” ते म्हणाले.

“काय?”

“तुझं पेन. पहिल्या दिवसापासनं. घसा खवखवायचा. पुदिन्याच्या वासानं मळमळायचं. वाजवताना तोंडात गोड चव राहायची, त्यानं सुराचंबी काय खरं न्हवतं.”

गणपतीत ते माझ्यासमोर ओढायचे तेव्हा म्हणायचे, काय झकास आणलंस गं.

“मग ओढत का राहिलात?”

“ते सोडलं की बिडी धरली असती. दोनदा हातात घेतली हुती. पेटवली न्हाई.” ते माझ्याकडे न बघताच बोलत होते. “आणि संध्याकाळी तुझा फोन यायचा. न्हाई ओढली म्हटलं की तुझा आवाज असा व्हायचा... तुझी आई गेल्यावर तसा आवाज मी ऐकलाच न्हवता. त्या आवाजासाठी मी काय पण ओढलं असतं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न सारखा वाजवत होतं. मी वाटी उचलली आणि परत ठेवली. पेज थंड झाली होती. मला रडू आलं ते त्यांना दिसू नये म्हणून मी उठून पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागले, आणि मग लक्षात आलं की आमचं सगळं असंच चाललेलं आहे. मी परत येऊन स्टुलावर बसले आणि त्यांच्यासमोरच रडले. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला सलाइनची सुई होती, म्हणून तो अलगदच ठेवला.

आणखी आठ दिवसांनी त्यांना घरी सोडलं. बाईंनी बजावलं, वेप नाही, बिडी नाही, आणि वाजवणं निदान तीन महिने बंद. त्यांनी श्वासाच्या व्यायामाचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. नळीतून हवा ओढली की त्यातले तीन चेंडू वर चढायला पाहिजेत. आप्पांचा एकच चढायचा, तोही अर्धा. त्यावर चाचा हसायचे; दुसऱ्या कुणी हसलं असतं तर त्यांनी ते फेकून दिलं असतं. इलाहीचाचा रोज सकाळी चहाला येऊन समोर बसायचे आणि चेंडू चढवायला मोठ्यानं हाक मारायचे, बैलाला चढावर हाकावं तसं.

मी महिनाभर रजा काढून राहिले. टपरीवाल्याची तक्रार मी केली. अर्ज माझ्या नावानं दिला आणि सुरुवात कुठून झाली तेही त्यात लिहिलं. माझी नोकरी गेली नाही. दारात पोलीस आले ते फक्त टपरीचा पत्ता विचारायला. आप्पांनी त्यांना चहा पाजला.

बिडीची तल्लफ त्यांना येतच होती. आता मी पुण्याहून फोन केला की तो ठरलेला प्रश्न विचारत नव्हते. दिवस कसा गेला, एवढंच विचारायचे. पौषातल्या एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, “आज एक ओढली. अर्धी. खोकला आला, टाकली.” पण मी ओरडले नाही. विचारलं, कशानं ओढावीशी वाटली. ते म्हणाले, बँडची गाडी घरावरनं गेली, मला न घेता. मग आम्ही त्या गाडीबद्दल बोललो, पुष्कळ वेळ. त्यांनी पुन्हा ओढली नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीनदा ओढली. तिन्ही वेळा मला सांगितलं. त्यानंतर नाही.

होळीच्या आधी बँडच्या मालकाच्या नातवाचं बारसं होतं. चाचांनी आप्पांना गळ घातली, की वरात नाही, चालायचं नाही, अंगणात खुर्चीवर बसून दहा मिनिटं वाजव. मी त्यासाठी पुण्याहून आले. आप्पांनी कोट घातला. तो खांद्यावर लोंबत होता. त्यांनी जिभेनं क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती ओली केली, बोटं फिरवून पाहिली आणि भूप रागातली एक जुनी धून सुरू केली.

पहिल्या दोन ओळी अशा निघाल्या, की पाळण्याभोवतीच्या बायका बोलायच्या थांबल्या. तिसऱ्या ओळीचा लांब सूर त्यांनी धरला, आणि तो मध्येच कापला गेला. चाचांनी ट्रम्पेट उचललं होतं, पण आप्पांनी हातानं थांबवलं. श्वास घेतला. सगळ्यांसमोर, शांतपणे, दोनदा घेतला. आणि जिथं तुटला होता तिथूनच सूर पुन्हा धरून ओळ पुरी केली.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं घरी निघालो. क्लॅरिनेटची पेटी माझ्या हातात होती. मी म्हटलं, छान वाजवलंत आप्पा, पहिल्यासारखं.

“पहिल्यासारखं?” आप्पा म्हणाले.

मी जरा थांबले. “पहिल्यासारखं नाही. तिसऱ्या ओळीला दम गेला तुमचा.”

“गेला,” ते म्हणाले. “आता येणारबी न्हाई तो सगळा. बाईंनी सांगितलंय मला. तुला सांगायचं हुतं.”

मग आम्ही चालत राहिलो. उन्हं कलली होती. घरापर्यंत आप्पा दोनदा थांबले, एकदा पाण्याच्या टाकीपाशी आणि एकदा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. दोन्ही वेळा मी विचारलं, दम लागला का. आणि दोन्ही वेळा ते व्हय म्हणाले.